कान्हेरीला सहल घेऊन येणाऱ्या बाई-सरांना

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या चिठ्ठ्या घरी जाऊ लागतात. पैसे भरायची शेवटची तारीख, पालकांची सही, ‘मौल्यवान वस्तू सोबत देऊ नयेत’. लांबचं काही जमलं नाही की ठिकाणापुढे ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व कान्हेरी लेणी’ असं लिहिलेलं असतं. मुलं नाक मुरडतात, त्यांना वॉटर पार्क हवं असतं. मुख्याध्यापक खूश, बसचं भाडं वाचलं. आणि आपण, म्हणजे आज तुम्ही आणि सहा वर्षांपूर्वीपर्यंत मी, मनात म्हणतो, चला, एकदाची सगळी पोरं मोजून परत आली म्हणजे झालं.

मी उपनगरातल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवला. नॅशनल पार्कात एकोणीस सहली नेल्या. त्यातल्या बहुतेक वाया घालवल्या, हे निवृत्त झाल्यावर कळलं. तुमच्या तशा जाऊ नयेत एवढ्यासाठी हे पत्र.

माझी सहल कशी असायची ते सांगते, तुम्हाला ओळखीची वाटेल. तीन बस, दीडशे मुलं, सहा शिक्षक. साडेसातला निघायचं ठरलेलं, साडेआठला निघायचो. आधी खाली बाग, मग वनराणी या छोट्या आगगाडीची रांग, मग सावली शोधून पुरी-भाजी. या सगळ्यात बारा-साडेबारा. मग उन्हातून वर कान्हेरी, तिथे तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातल्या चैत्यगृहासमोर, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनासमोर, ओळी करून उभं राहायचं. मी घसा फोडून ‘सातवाहन, दुसरं शतक, हीनयान’ असं सांगायचे, मागच्या ओळीला काही ऐकू जायचं नाही. व्हरांड्यातल्या त्या उंच बुद्धमूर्तीपाशी फोटो. तोवर एखाद्या माकडाने कुणाची तरी पिशवी पळवलेली असायची, आणि सहलीतला सगळ्यांत लक्षात राहणारा प्रसंग तोच. शिट्टी, हजेरी, बस. लेण्यांत एकूण पाऊण तास. दुसऱ्या दिवशी वहीत ‘आमची सहल’ हा निबंध, आणि दीडशे वह्यांत एकच शेवट: आम्हाला खूप मजा आली.

मजा येत होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका वर्षी सातवीतली एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, हे लोक पाणी कुठनं आणायचे?”

मी घाईत होते. म्हटलं, “खाली नदी आहे ना, तिथून.” ती मान हलवून गेली.

ती ज्या कट्ट्यावर उभी होती, त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, पाण्याचं टाकं होतं. चौकोनी तोंडाचं, दगडात खोदलेलं, आत काळं पाणी. मी तिथून इतकी वर्षं जात-येत होते आणि त्यात मुलं पडतील म्हणून फक्त ‘मागे व्हा’ ओरडत होते.

निवृत्तीनंतर मंगळवारी सकाळी पार्कात जाऊ लागले. आधी फक्त चालायला, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. मग चालत चालत वर कान्हेरीपर्यंत. फाटकापासून सहा-एक किलोमीटर आहे, सकाळच्या थंडीत काही वाटत नाही. वर कुणी ओरडणारं नाही, मोजायला पोरं नाहीत. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना.

तुम्ही कधी चैत्यगृहाच्या पुढे, वरच्या अंगाला गेला आहात का? जा. शंभराहून अधिक लेणी आहेत, आपण मुलांना दाखवतो त्यातली चार-पाच. पायऱ्या चढत गेलात की प्रत्येक विहाराचा, म्हणजे भिक्खूंच्या निवासाचा, साधारण एकच साचा दिसतो: पुढे छोटं अंगण, एक व्हरांडा, आत खोली, खोलीत झोपायला दगडी ओटा. आणि अंगणाच्या एका कडेला, कोनाड्यासारख्या जागेत, टाकं. तोंड लहान, पण आत वाकून पाहिलं तर पोट मोठं, खडकाखाली पसरलेलं. पाणी सावलीत राहावं आणि पाचोळा आत पडू नये म्हणून. आता मान वर करा. दर्शनी भागाच्या वरच्या कातळात एक पन्हळ कोरलेली दिसेल, बोटाने माग काढता येतो. डोंगराच्या उतारावरून येणारं पावसाचं पाणी ती अडवते, खोलीत गळू देत नाही आणि वळवून टाक्यात आणून सोडते. ही रचना एका लेण्यापुरती नाही, आख्ख्या डोंगरभर आहे. शिवाय खालच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बांधाचे अवशेष आहेत.

मुंबईत पाऊस कसा पडतो ते तुम्हाला-मला सांगायला नको. चार महिने धो-धो, मग आठ महिने आभाळ कोरडं. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचं, वर्षावास करायचा हा नियम, पण इथला संघ पुढे बारमाही नांदता राहिला, इसवी सनाच्या सुरुवातीपासून जवळजवळ हजार वर्षं. नदीवरून घागरी आणून हजार वर्षं कुणी राहत नाही. कान्हेरी उभी आहे ती साठवलेल्या पावसावर. मी त्या मुलीला दिलेलं उत्तर चुकीचं होतं, आणि इतिहासाच्या बाईने दिलेलं चुकीचं उत्तर पोरं जन्मभर बाळगतात.

शिलालेखांत या टाक्यांना शब्द आहे: पोढी. पानियपोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. दान देणारे लोक लेणं देत तसं पोढीही देत, आणि आपलं नाव, गाव, धंदा खडकात कोरून ठेवत. कल्याणचा कुणी, सोपाऱ्याचा कुणी, चेऊलचा कुणी. म्हणजे आजचे कल्याण, नालासोपारा, चौल. तुमच्या वर्गात विरार-नालासोपाऱ्याहून लोकलने येणारी पोरं असतील, त्यांना विचारा तुमच्या गावाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी कोणी, कुठे लिहिलं. आणि मागाठाण्याची मुलं असतील तर त्यांचं नशीब आणखी चांगलं. इथल्या एका लेखात ‘मंगलठाण’ गावातल्या शेताचं दान आहे, त्या शेताच्या उत्पन्नातून भिक्खूंचा खर्च चालावा म्हणून. अभ्यासक म्हणतात ते गाव म्हणजे मागाठाणे. जिथे आता मेट्रोचं स्टेशन आहे, तिथे कान्हेरीचं शेत होतं! हे मी एकदा शेजारच्या मुलाला सांगितलं, तो म्हणाला, “मग आमच्या सोसायटीचं भाडं भिक्खूंना जायला पाहिजे.” पोरांना व्यवहार बरोबर कळतो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती वर्गात सांगण्यासारखी आहे आणि माझ्याकडून कधीच सांगितली गेली नाही.

चैत्यगृहापासून फार लांब नाही अशा एका टाक्यावर एक लेख आहे. बाकीचे बहुतेक जुने लेख प्राकृतात, हा मात्र संस्कृतात. तुटका आहे. शतेरक नावाच्या अमात्याने हे पाण्याचं टाकं दान दिलं, असं तो सांगतो. पण त्याआधी एका राणीची ओळख करून देतो: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक राजवंशात जन्मलेली, महाक्षत्रप ‘रु…’ याची मुलगी. पहिलं अक्षर शाबूत, पुढचं दगडाबरोबर गेलं. त्या ‘रु’ वरून अभ्यासक रुद्रदामन ओळखतात, गुजरात-माळव्याचा शक क्षत्रप.

सातवाहन आणि क्षत्रप यांचं वैर तर आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. आणि इथे क्षत्रपाची मुलगी सातवाहनांच्या घरात सून म्हणून आलेली. आता गिरनारला जायचं, नकाशावर. जुनागढच्या त्या खडकावर रुद्रदामनचा इसवी सन १५० च्या सुमाराचा लेख आहे, सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याचा. त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी दोनदा समोरासमोर हरवलं, पण नातं जवळचं असल्यामुळे त्याचा नायनाट केला नाही. कुठलं नातं, ते तिथे लिहिलेलं नाही. कान्हेरीच्या टाक्यावरचा तुटका लेख शेजारी ठेवला की बोलण्याचा अर्थ लागतो. एक लेख तलावाच्या बांधाचा, दुसरा पाण्याच्या टाक्याचा, आणि मधे एक मुलगी, सासर-माहेरच्या लढाईत सापडलेली. तिचं नाव त्या लेखात आज मिळत नाही. अमात्याचं राहिलं, नवऱ्याचं राहिलं, बापाचं निदान पहिलं अक्षर राहिलं.

हे सांगा आठवीच्या मुलींना आणि गप्प बसा. बाकीचं त्या बोलतील.

आणखी एक नाव तुम्हाला माहीत असायला हवं: डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले. कान्हेरीचे लेख वाचण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. इथे एका लांबट कड्याखाली विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत, ती दिवंगत थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, स्मारकं. तिथल्या दगडांवरच्या त्या स्थविरांच्या स्मृतिलेखांचा अभ्यास त्यांनी केला. आपल्या पाठ्यपुस्तकात राजांची नावं असतात, वाचणाऱ्यांची नसतात. ही माझी जुनी कुरकुर, सोडून द्या.

नावांवरून भिंतीवर नावं लिहिण्याचा विषय आलाच. खिळ्याने, खडूने, करकटकाच्या टोकाने. माझ्याही सहलीतल्या एका वीराने लिहिलं होतं, मी त्याचा कान पकडला. आता कान पकडण्याआधी त्याला नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात नेलं असतं. तिथे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीत लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी स्वतःची नावं आणि तारखा कोरून ठेवल्या आहेत! म्हणजे हजार वर्षांपूर्वीची सहलच की. मुलं लगेच विचारणार, त्यांनी केलं तर चालतं, आम्ही केलं तर का नाही? विचारू द्या. माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच सुचतं की शंभर कोटींहून जास्त लोकांच्या देशात प्रत्येकाने एकेक अक्षर कोरलं तर शतेरकाच्या लेखातलं उरलेलं अक्षर कुठे शोधायचं. पण हे मुलांकडून आलं तर बरं. वहीत नाव लिहा, पहलवीसारखी स्वतःची लिपी बनवा, काय वाटेल ते करा, भिंतीला हात नको.

मधे पोर्तुगीज आले, त्यांच्या पाद्र्यांनी चैत्यगृहाचंच चर्च केलं होतं, सेंट मायकलच्या नावाने. ते एका वाक्यात सांगून पुढे गेलात तरी चालेल.

जंगलाबद्दल मी अधिकाराने बोलणारी नाही, मला झाडं चेहऱ्याने कळतात, नावाने थोडी. पण लेणी आणि जंगल असे दोन तास वेगळे लावू नका, एवढं नक्की सांगते. डोंगरावर झाडोरा होता म्हणून पाणी मुरत-झिरपत राहिलं, पाणी होतं म्हणून माणसं राहिली. इंग्रजांनाही शहरासाठी पाणी हवं झालं तेव्हा ते याच डोंगरात आले: विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही आज याच उद्यानाच्या हद्दीत. मुंबईला नळाने पाणी मिळायला सुरुवात झाली ती विहारपासून. मुलांना ‘पर्यावरण’ या विषयाच्या वहीत हे चित्र काढायला लावा, पन्हळ ते पाइप.

बिबट्याचं विचारतीलच. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, तीन बाजूंनी शहर, आणि कॅमेऱ्यांच्या मोजणीत बिबटे पन्नासच्या घरात. दिवसा दीडशे पोरांच्या कलकलाटात तो दिसणार नाही, त्याला तुमच्यापेक्षा जास्त अक्कल आहे. पण मुलांना पायवाट सोडून झाडीत शिरू देऊ नका, आणि तो दिसला नाही म्हणून ‘काहीच नाही दिसलं’ असा सूर लागू देऊ नका. पार्कातल्या पाड्यांवर राहणाऱ्या वारली, कोकणा मंडळींना तो पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहे. वाघदेवाला नारळ देऊन त्याच्याशी जमवून घेतात. कान्हेरीच्या वाटेवर बायका काकडी, आवळे, बोरं, हंगामात करवंदं घेऊन बसतात, त्यातल्या कित्येक पाड्यांवरच्याच. वेफर्सची पाकिटं घरून बांधून आणण्यापेक्षा त्यांच्याकडची मीठ-मसाला लावलेली काकडी घ्या. चिरताना त्या कडू टोक घासून फेस काढतात, ते मुलांना बघायचं असतं. खाताना माकडांपासून सावध. पिशवी पोटाशी, आणि त्यांना काही देऊ नका, आपणच त्यांना दरोडेखोर केलं आहे.

कारवीचं एक सांगायचं राहिलं. ही झुडपं सात वर्षं नुसती हिरवी राहतात आणि आठव्या वर्षी एकदम फुलतात, डोंगरच्या डोंगर जांभळे. इथे २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. २०१६ ला पहिलीत असलेलं पोर २०२४ ला नववीत होतं. आता पुढची २०३२. आज तुमच्या हाताखाली पाचवीत असलेली मुलं तेव्हा कॉलेजात असतील, त्यांची त्यांनी यावं लागेल. निदान झुडूप ओळखायला शिकवून ठेवा.

आता मागण्या. मागण्या म्हणजे विनंत्या, पण सवय जात नाही.

दीडशे मुलं एका दिवशी आणू नका. एक तुकडी आणा, फार तर दोन. मुख्याध्यापकांना बसचा हिशेब पटवायला जड जाईल, मला माहीत आहे, मीही हरले आहे त्यात. तरी एकदा प्रयत्न करा.

आधी लेणी, मग बाग आणि चालू असेल तर वनराणी. सकाळी नऊला वर असलात तर ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि पोरांचे पाय ताजे असतात. वनराणीसाठी पोरं कुठल्याही वेळी ताजी असतात.

भाषण देऊ नका. चैत्यगृहात आत गेल्यावर मुलांना खांब मोजायला सांगा, डावे किती, उजवे किती, नक्षीचे किती आणि नुसते अष्टकोनी किती. काही खांबांचं काम अर्धं राहिलेलं ती आपोआप पाहतील, आणि का राहिलं यावर भांडतील. एक्केचाळीसाव्या लेण्यात अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे, तिथे तोंडं मोजू द्या, कुणाची दहा होतात कुणाची बारा. मग पाण्याच्या मागे लावा. चार-चार जणांचा गट, प्रत्येकाला एक लेणं, काम एकच: पाऊस इथे पडला तर कुठून कुठे जाईल ते कागदावर काढा. व्हरांड्यापुढच्या जमिनीत गोल भोकं आहेत, लाकडी मांडवाच्या खांबांची. ती कशाची हे सांगू नका, ओळखू द्या. बॅडमिंटनच्या नेटची, असं एकाने मला सांगितलं होतं.

आणि थोडा वेळ त्यांना पळू द्या. डोंगरावरच्या कातळात बसायचे दगडी बाक कोरलेले आहेत, त्यांवरून खाली जंगल आणि त्यापलीकडे बोरिवलीच्या इमारती दिसतात. तिथे मुलांना बसवा, पाच मिनिटं काही विचारू नका, काही सांगू नका. कड्याच्या बाजूला एक शिक्षक उभा असला म्हणजे झालं.

निबंध लिहून घ्यायचाच असेल तर विषय बदला. ‘पोढी’ असा एकच शब्द फळ्यावर लिहा. खूप मजा आली, या वाक्याला जागाच राहणार नाही.

ती सातवीतली मुलगी आता तिशीला आली असेल. तिचा पत्ता माझ्याकडे नाही, नाहीतर हे पत्र आधी तिलाच लिहिलं असतं: नदीवरून नव्हे गं, तुझ्या पायाजवळून.

आपली,
एक निवृत्त बाई, बोरिवली पूर्व

ता. क. उद्यान सोमवारी बंद असतं. एका वर्षी तीन बस घेऊन मी सोमवारी फाटकावर पोचले होते. ती सहल शेवटी गोराईच्या समुद्रावर नेली, आणि त्या वर्षीच्या वह्यांत खरोखरच सगळ्यांना खूप मजा आली होती.